नव्या माणसाचं रक्त

३ मार्च, सोमवार
आले एकदाची. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, पण खिडकी ऐसपैस आणि मालकीण कमी बोलणारी, म्हणजे माझं नशीब जोरावरच आहे. आईला फोन केला, तर तिचं नेहमीचं पालुपद: पीएच.डी. झाली तरी हिचं शिकणं संपत नाही, उद्या बालवाडीत नाव घालेल. डॉक्टरेटनंतरही दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढावी लागतात, हे तिला सांगून माझी जीभ झिजली. पण मी इथेच का आले ते तिला पक्कं ठाऊक आहे. रक्त न गोठण्याच्या आजारांवर ही प्रयोगशाळा काम करते आणि खालच्या मजल्यावर याच रुग्णालयात माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. त्याचं रक्त जन्मापासून नीट गोठत नाही. आतल्या आत साचून साचून गुडघा कामातून गेला. मी त्याला लंगडोबा म्हणते. दुसऱ्या कुणी म्हणून बघावं.
ही डायरी ॲप्रनच्या खिशात मावते, म्हणून हीच घेतली.

६ मार्च, गुरुवार
इथली एक गंमत. रुग्णाचं रक्त किती चांगलं गोठतं हे सांगायला मापाला निरोगी रक्त लागतं. ते शंभर टक्के धरायचं आणि रुग्णाचं त्याच्या मानाने किती ते काढायचं. सगळीकडे बऱ्याच जणांचं रक्त एकत्र करून हे माप बनवतात. इथे एकाच माणसाचं घेतात, तेही सगळ्यात नव्या माणसाचं, दर गुरुवारी ताजं. म्हणजे आता ‘नॉर्मल’ मी. भावाचा दोष माझ्यात नाही, ती तपासणी कॉलेजातच झाली होती, माझं रक्त ठणठणीत आहे. तरी मी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना म्हटलं, एकट्या माणसावर माप ठेवणं बरं नव्हे. ते हसून म्हणाले, आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे. आल्या आल्या कुठे वाद घालायचा, म्हणून बाही वर केली.
टेक्निशियन बाईंचा हात हलका आहे, सुई कळलीसुद्धा नाही. चाचणीनंतर उरलेलं माझं रक्त त्यांनी शीतखोलीत नेऊन मागच्या फळीवरच्या काचेच्या बरणीत ओतलं. टाकून का देत नाही विचारलं, तर म्हणाल्या, तिचं तिला द्यायचं. मी हसले, त्या हसल्या नाहीत.
माझ्या खुर्चीवर आधीच्या मुलीचा स्वेटर आहे. ती कुठे गेली विचारलं. बाई म्हणाल्या, थकली हो ती.

१३ मार्च, गुरुवार
काम झकास चाललंय. रुग्णांचे आकडे सुधारताहेत, अगदी सगळ्यांचे. सर खूश. लंगडोबालाही रक्त गोठवणारं इंजेक्शन दिल्यावर तपासलं, प्रमाण भरपूर आलं. तो म्हणतो, ताई, तुझा पायगुण. मी म्हटलं, तुझ्या पायाला गुण येऊ दे आधी.
शीतखोलीत बरणी पाहिली. तळाशी बटणाएवढी गुठळी आहे. हे काही मला पटलं नाही. आमच्या नळ्यांत रक्त गोठू न देणारं औषध असतं, तिथे गुठळी व्हायचं कारणच नाही. बाईंना हाक मारली, पण त्या जाड दारातून आवाज जात नाही, मोबाईलला रेंजही नाही.

२० मार्च, गुरुवार
दात घासताना रक्त आलं. दंडावर, मांडीवर निळे डाग. टेबलांच्या कडांना धडकत असणार, माझी चाल म्हणजे आई म्हणते तशी उधळलेली म्हैस.
गुठळी आता मुठीएवढी. गुठळी आकसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. ही आकसते आणि परत फुगते. मी उभी राहून बघितलं. परत परत.
सरांना सांगितलं. ते म्हणाले, झोप नीट घे.

२७ मार्च, गुरुवार
आज रक्त द्यायचं नाही म्हणून ठरवून गेले होते. बाईंनी हात धरला आणि मी दिलं. का दिलं, कळत नाही.
कापूस दाबून बसले तर बाही ओली झाली. बाई गुणगुणत बरणीकडे गेल्या. मला फार भीती वाटते आहे. आईला फोन लावला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या.
सरांनी भावाचा डोस अर्ध्यावर आणलाय. पंच्याण्णव टक्के, इतका छान आकडा, औषध कशाला वाया घालवायचं, म्हणाले. ऑपरेशन मंगळवारी सकाळी.

३१ मार्च, सोमवार
सगळ्यांचे आकडे एकदम कसे सुधारतील? सगळ्यांचे?
माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही. फ्रीझरच्या तळाशी विकतच्या मापाची, बऱ्याच जणांच्या रक्ताची, पेटी सापडली, सील न फोडलेली. उद्या बाई यायच्या आत माझं रक्त त्यावर लावून बघते.

१ एप्रिल, मंगळवार
माझं रक्त तीस टक्के. शंभर नाही. तीस.
ते कुणीच सुधारले नव्हते. मी उतरत होते, आणि माझ्यावर त्यांना मोजत होते. लंगडोबाचे पंच्याण्णव म्हणजे खरे तीससुद्धा नाहीत. आणि आज त्याचा गुडघा उघडणार.
खाली फोन केला. उचलत नाहीत. निघाले होते — शीतखोलीचं दार उघडं दिसलं — वाटलं, बरणी फोडून मगच जावं. मूर्खासारखं.

फोडली. हात कापला. दार मागे लागलं. आतून ढकललं की उघडतं, रोज उघडतं. आज नाही.

रक्त थांबत नाही. स्वेटर घालून आले होते, खुर्चीवरचा, त्या आधीच्या मुलीचाच, तो गुंडाळला — भिजला.
गुठळी फरशीवर आहे. आकसते, फुगते. मघाशी फळीखाली होती.

पान फाडून लिहिलं: भावाला पूर्ण डोस द्या, ऑपरेशन थांबवा. घडी करून दाराखालच्या फाटक्या रबराच्या फटीतून सरकवलं. पलीकडे बाईंच्या चपला दिसल्या. कागद ओढला गेला. देवा, पोचला.

कागद परत आत आला. घडीसुद्धा मोडलेली नाही. फटीतून दिसतंय, चपलेचं टोक तालात हलतंय, बाई गुणगुणत असणार.

बुटाला लागली. कोमट आहे. इथे एवढ्या थंडीत —

कुणाला ही डायरी सापडली तर मला शोधत बसू नका. आधी खाली पळा. गुडघ्याचं ऑपरेशन, माझा भाऊ. त्याला सांगा ताईने — नाही, ते राहू द्या, डोस द्या, पूर्ण डोस, माप खोटं आहे, ते माप मी