दोहाहून, म्हणजे टाकीमागून

ताई,

मी दोहाला गेलो नाही. हे वाक्य तू वाचलंच नाहीस. मी दोहात सुखरूप आहे, फक्त सध्या आपल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे आहे.

विमानतळावर तुम्ही हात हलवून निघालात तोवर सगळं ठीक होतं. बॅगेच्या चाकांची तयारी होती, माझ्या पायांची नव्हती. मग बाहेर उभी होती ती सिटी बस पकडली. तर उरणपर्यंत प्रत्येक स्टॉपवर माझाच फोटो: ‘विपुलशेठ यांची दोहा येथे नोकरीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ उतरणार कुठे? कंडक्टर म्हणाला, “बॅनरवरचा त्यो तूच ना?” मी म्हटलं, “तो माझा जुळा भाऊ.” तर म्हणतो, “मंग तुजा बॅनर कुठं हाय?” शेवटच्या स्टॉपला उतरलो आणि मिठागरातून चालत घरी आलो.

फोन बंद ठेवलाय. आई व्हिडिओ कॉल करेल आणि मागे आपलीच टाकी दिसेल. ती माझ्या नावाचा नारळ फोडायला देवळात गेली, तेवढ्यात ही चिठ्ठी तुझ्या जेवणाच्या डब्याखाली ठेवली. वर येताना भात आण. आईला तू सांग. बाबांचं मला सुचत नाही. सगळे बॅनर त्यांनी दुखऱ्या गुडघ्याने, स्वतः शिडीवर चढून बांधलेत.

त्यांना एवढंच कळव: उपरोक्त बॅनरवर ‘निवड झाल्याबद्दल’ऐवजी ‘परत आल्याबद्दल’ अशी दुरुस्ती करून अभिनंदन कायम ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.