करणरावांच्या पोटाचा सत्कार

अंबड

तीर्थस्वरूप रायभानमामांना सुग्रीवचा पाया पडून नमस्कार.

इकडं आम्ही मजेत आहोत, पिंपळगावची खुशाली कळवा. कडूमामीचे गुडघे कसे आहेत? (मागच्या वेळी मी त्यांना उठाबशा काढायला लावल्या, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत न्हाईत, म्हणून तुम्हाला विचारून राह्यलो.) फोन करण्याऐवजी लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधीच हसायला लागता आणि मंग मला पुढचं सांगता येत न्हाई.

तर मामा, तुमच्या भाच्याला पुरस्कार मिळाला! जालन्याला दरसाल जिल्ह्यातल्या जिमवाल्यांचा गौरव सोहळा होतो. आजवर मी तिथं नुसत्या टाळ्या वाजवून, मसालेभात खाऊन परत यायचो. यंदा मात्र जिंकणं गरजेचं होतं. माझ्या जिमसमोरच एकानं एसीची जिम उघडली आणि माझी पोरं एकेक करून तिकडं गार हवा खायला चालली होती. पण माझ्याकडं हुकमाचा पत्ता होता, तुमचे जावई करणराव. लग्नानंतर त्यांचं पोट किती सुटलं होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे (धोंड्याच्या जेवणाला आल्ते, तेव्हा पाटावरून उठवायला दोघं लागले). एमआयडीसीतून सुटले की मी त्यांना थेट जिममध्ये घ्यायचो. पळवलं, घाम काढला, जिलेबी सोडायला लावली. माणूस असा सडसडीत झाला, की गल्लीतली कुत्री त्यांच्यावर भुंकायला लागली. मी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढले आणि 'वजन घटवणे' गटात नाव पाठवून दिलं.

घात केला आपल्या रेणूनं. नवरा वाळला म्हणून शेजारच्या बाया तिला "काही दुखणं-बिखणं आहे का?" असं विचारायला लागल्या. झालं! तिला वाटलं, आपल्या हाताच्या स्वयंपाकाची बदनामी होऊन राह्यली. मी नेमका पेरणीला गावाकडं गेल्तो. तेवढ्यात तिनं तूप, धपाटे, पुरणपोळ्यांचा असा मारा केला, की सोहळ्याच्या दिवशी करणराव रिक्षातून उतरले आणि रिक्षा वर उचलली गेली. शर्टाची मधली गुंडी सभागृहाच्या पायरीवरच उडाली.

"हे काय करून ठेवलं?" मी विचारलं.

"तिला न्हाई म्हणता येतं का?" ते म्हणाले. (बराबर आहे. मामींना तुम्हाला तरी कुठं म्हणता येतं?)

नाव पुकारलं. पडद्यावर दोन फोटो झळकले, डावीकडं जाडा, उजवीकडं बारीक. मधोमध खुद्द करणराव उभे, अगदी डावीकडच्यासारखे. परीक्षक होत्या पुष्पाबाई, साऱ्या जिल्ह्याच्या पोरांना पीटी शिकवलेल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि माईकवरच विचारलं, "हे आधीचे का नंतरचे?"

मी पडद्याकडं बोट केलं. तोंडातून निघून गेलं, "मॅडम, फोटो उलटे लागलेत. माणूस काडी होता, मी भरवला!"

एकदम टाळ्या! 'वजन वाढवणे' गटात एकही नाव आलेलं नव्हतं आणि ती ट्रॉफी टेबलावर बेवारस पडली होती. आयोजकांनाही ती जल्दी खपवायचीच होती. शाल, नारळ, ट्रॉफी, सगळं मला! पुष्पाबाईंनी करणरावांचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "खाऊन कमावलेलं दिसतंय." (मला वाटलं, बिंग फुटलं, पण त्या कौतुकानंच म्हणाल्या.)

आता जिम भरून वाहून राह्यली. लग्न न जमणाऱ्या हडकुळ्या पोरांना त्यांच्या आया हाताला धरून आणून सोडतात. जाडे सगळे एसीवाल्याकडं गेले. मला बिलकुल वाईट वाटत न्हाई. बारीक माणसं मशिनी मोडत न्हाईत.

मामींना नमस्कार सांगा (लांबूनच).

तुमचा भाचा,
सुग्रीव

ता.क. : ट्रॉफी माझ्याकडं न्हाई. येताना करणरावांकडं चहाला थांबलो, तर रेणूनं "मेहनत कोणाची?" म्हणत ती हातातून घेतली आणि तुपाच्या बरणीशेजारी ठेवून दिली. जिममध्ये येणारे रोज विचारतात. ती तुमचंच ऐकते, तेवढी मागून द्या.

ता.क. २ : तिचं म्हणणं खरं आहे, पण हे तिला सांगू नका.

ता.क. ३ : मागताना जरा गोडीनं मागा. जिममधल्या साऱ्या पोरांचे डबे सध्या तीच करून राह्यली. एक डबा माझाही आहे. कालपासून माझ्या पँटची गुंडी लागत न्हाई.