मरिकाची पेटी

थेथ, उत्तर अल्बानिया
२ ऑक्टोबर १९३१

प्रिय पाश्कदादा,

इकडे सगळे बरे आहेत, तूही श्कोदरला बरा असशील. चांदीचं काम शिकणाऱ्याला दोन ओळी लिहायला वेळ नसतो का रे? ईस्टरपासून तुझं पत्र नाही. आई म्हणते, "शहरातला झाला तो, आपली मक्याची भाकरी आता त्याच्या घशाखाली उतरायची नाही."

मका घरात आला. अक्रोड यंदा कमीच. आणि माझं लग्न ठरलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी वऱ्हाड येईल. मरिकाताईच्या नवऱ्याशीच, ग्योनशी. त्याची माणसं बाबांना म्हणाली, "तुमची एक गेली, आमची चूल थंड पडलीय, दुसरी द्या." बाबांनी शब्द देऊन टाकला.

मी सासरच्यांसाठी मोजे विणतेय. मापं ताईने त्यांच्यासाठी विणून ठेवलेल्या मोज्यांवरून घेते. बर्फ वितळल्यावर त्यांनी तिची लग्नाची पेटी परत पाठवली, हे तुला कुणी कळवलं नसेल. आई म्हणाली, "नवी कशाला करायची, लाकूड चांगलं खणखणीत आहे." तीच आता माझी.

ताई पाय घसरून ओढ्यात पडली, असं तुला कळवलं होतं. आम्हालाही तेवढंच सांगितलं. वाट बंद होती, त्यांनी तिला तिथेच पुरलं, आम्ही तोंडसुद्धा पाहिलं नाही. पण त्याआधी शरदात ती एकदा घरी पळून आली होती, दादा. गाल सुजलेला होता. बाबांनी दुसऱ्या दिवशी तिला परत नेऊन सोडलं.

पेटी मीच उघडली. कमरपट्टा, झगा, ओढण्या, सगळं होतं. बायको सोडून जायला निघाली तर नवऱ्याने तिला गोळी घालावी म्हणून बाप लेकीच्या पेटीत काडतूस ठेवतो, तेवढं नव्हतं. बाबांना विचारलं, "काडतूस कुठंय?" ते विडी वळत म्हणाले, "दिलं ते त्यांचं. परत मागत नसतात."

बाबांना ठाऊक आहे.

काल त्यांनी नवं काडतूस रुमालात बांधून माझ्या मोज्यांखाली ठेवलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "रीत आहे, पोरी." मला झोप लागत नाही. मला मरायचं नाही, दादा. लग्नाचा दिवस घरात प्रेत असलं तरी टळत नाही, म्हणून आजारी पडूनही उपयोग नाही.

ताईच्या लग्नात तू पेटीवर बसून वऱ्हाडाला किती छळलं होतंस! ते हात जोडत होते, आणि तू आपला, "अजून बघू, अजून बघू." तंबाखूची डबी हातात पडली तेव्हा उठलास. भाऊ बसलेला असला की त्याला कुणी हात लावत नाही, आणि पेटी निघाल्याशिवाय नवरी निघत नाही.

दोन दिवसांची वाट आहे. हे पत्र आणणाऱ्या खेचरवाल्याबरोबरच निघ. आल्या आल्या पेटीवर बस. ते डबी देतील, घोडा देतील, सगळे हसतील, मग बाबा शिव्या देतील. तू उठू नकोस.

अजून उंबऱ्याच्या आत असलेली
तुझी प्रेना