भोइटे कॉम्प्युटर्सची निरवानिरव

मी, विश्राम तुकोजीराव भोइटे, वय त्रेसष्ट, राहणार मांजलपूर, बडोदे, माझ्या पश्चात वाद राहू नयेत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवीत आहे. फुप्फुसे निकामी होत चालली आहेत. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी उत्कर्षा हिला मिळावी. फ्लॅट तिने खुशाल विकावा. आईचा फोटो तेवढा आधी काढून न्यावा.

२. मकरपुऱ्यातील कारखान्याची नोकरी सोडून मी दुकान काढले, ते एका हट्टापायी. आमच्याकडचा प्रत्येक कॉम्प्युटर लिनक्स घालूनच विकला जाई. ही प्रणाली फुकट आणि खुली. कोणीही वापरावी, हवी तशी बदलावी. चोरीची विंडोज घालून द्यायची नाही, हा दुकानाचा नियम. यात विंडोज कुठे दिसेना, की गिऱ्हाईक गुजरातीत विचारी, "काका, आमां विन्डोज क्यां छे?" मग माझी पत्नी कांचन खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसे आणि सगळे शिकवूनच उठे. दुकान चालले ते तिच्यामुळे. गाळा भाड्याचा आहे, मालकाला परत करावा.

३. धाकटा भाऊ विक्रमसिंह दुकानात माझ्याबरोबर होता. छाणीच्या एका दवाखान्याला आम्ही कॉम्प्युटर दिले, ते बसवायला तो गेला. तिथल्या लोकांनी मागितली म्हणून त्याने लिनक्स पुसून चोरीची विंडोज घातली. मला सांगितले नाही. तिच्याबरोबर व्हायरस आला आणि पेशंटांची सगळी माहिती गेली. "व्हायरसची काळजी करू नका," असा शब्द डॉक्टरांना कांचनने दिला होता. भरल्या दवाखान्यात त्यांनी तिला खोटारडी म्हटले. काय झाले हे तिलाही माहीत नव्हते. ती मान खाली घालून परत आली.

मशीन तपासल्यावर मला कळले. विक्रमसिंह म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं. तुझ्या तत्त्वांवर घर चालतं का?"

"दवाखान्यात जाऊन खरं सांग," मी म्हटले.

तो गेला नाही. मी गेलो, तर भावावर ढकलतो म्हणाले. कांचन पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही. पुढच्या वर्षी ती गेली. विक्रमसिंहने मागच्याच गल्लीत स्वतःचे दुकान थाटले, ते उत्तम चालते.

४. दुकानात उरलेले कॉम्प्युटर छाणीच्या मुलींच्या अभ्यासिकेला द्यावेत, लिनक्ससकट. पुढे कोणी ते पुसले तर उत्कर्षाने भांडू नये. ज्याच्या हाती मशीन, त्याची मर्जी; जन्मभर मी लोकांना हेच सांगत आलो.

५. विक्रमसिंहला काही नाही. त्याने माझ्या मयताला यावे, पण खांदा देऊ नये. हे कलम आज त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "दादा, एवढं तरी काढ." हल्ली बोलताना मला दम लागतो. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकीलबाईंनी सांगितले. त्या हिशेबाने जवळची दोनच माणसे उरली. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण: बडोदे
तारीख: ११ डिसेंबर २०२४

विश्राम तुकोजीराव भोइटे

साक्षीदार:
१. ध्रुव पटेल, शेजारी
२. विक्रमसिंह तुकोजीराव भोइटे, सख्खा भाऊ