‘मान्य’वर टेकलेलं बोट

शनिवार, संध्याकाळ

साहेबाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतोय. आणि मग स्वतःच्याही.

चाळीच्या पुनर्विकासाची संमती टॅबलेटवर घेतात, त्या पानाचा कोड माझा. चाळही माझीच, परळची. ‘मान्य’चं बटण उशिरा दबतं अशी साहेबाची कटकट, म्हणून नोंदीआधी बोट उचलायची वाट बघणं मी काढून टाकलं. बोट टेकलं की नोंद. ऑफिसात सगळ्यांनी माउसने तपासलं. माउसवाले चाकाने पान सरकवतात, बटणाला शिवतही नाहीत. कळणार कसं?

आज शेजारच्या मालतीकाकू टॅबलेटवर अटी वाचायला बसल्या. वाचायला काहीही असो, पोथीसारखं वाचतात, ओळीखाली बोट फिरवत. पुढचं वाचायला पान वर सरकवायला गेल्या आणि बोट नेमकं ‘मान्य’वर टेकलं. हिरवी खूण आली.

"अगो बाय, मी नुसती वाचत होते!"

अर्ध्या अटी वाचायच्या बाकी होत्या.

साहेबाला फोन केला. म्हणे, "हात लावला ना त्यांनी? झालं मग. सगळ्यांची संमती येईपर्यंत कोड बदलू नकोस." नालायक माणूस!

बदललाय मी. नोकरी गेली तर गेली. पण काकूंची नोंद पुसायची सोय त्या पानात नाही. कुणी मागितली नव्हती, मलाही सुचली नाही.

ते बोट डोळ्यांसमोरून हलत नाही. टेकवण्याआधी काकू घाबरून थांबल्या होत्या. मीच म्हणाले, "काकू, बिनधास्त लावा हात. नुसतं लावून काही होत नाही."