सात, सोड

सोमवार, ३ मार्च

आज हे हवेत लटकले. सगळे हसले. मीही हसले.

सोमवारी अंतराळ संग्रहालय बंद, पण आमचं खरं काम त्याच दिवशी. हे मेकॅनिक. रॉकेटची हलती केबिन, गरगर फिरवणारा पाळणा, सगळ्याचं तेलपाणी करतात आणि शेवटी माझ्या चंद्रखुर्चीत स्वतः बसतात. खुर्ची लांब दांडीच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला लोखंडी पट्ट्या. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे मी त्या लावायच्या. बरोबर लागल्या तर माणूस चंद्रावर असल्यासारखी उडी मारतो आणि अलगद खाली येतो. कमी पडल्या तर उडी नाही, जास्त झाल्या तर वरच राहतो. पट्ट्या पाठीमागे, बसणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून मी आकडा ओरडायचा, त्याने तो परत म्हणायचा, मगच खटका सोडायचा. ह्यांच्या सात. मी 'सात!' म्हणते, हे 'सात, सोड!' म्हणतात. इतकी वर्षं हेच चाललंय. घरी दिवे बंद करतानाही गमतीने म्हणतो.

आज सोडलं तर हे वर गेले ते वरच! पाय हलवतायत, खाली काही येईनात. आमचा गाइड, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो म्हणाला, काका चंद्रावरच बिऱ्हाड करणार. एक पट्टी काढली तेव्हा कुठे उतरले. उतरल्या उतरल्या म्हणाले, सांधा सैल झालाय, मशीन खोटं बोलतंय.

मंगळवार, ४ मार्च

सांधा मी स्वतः पाहिला. ठणठणीत आहे.

रविवार, ९ मार्च

ताटात अर्धं तसंच. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली दिसली. विचारलं तर म्हणे, वय झालं की माणूस आटतो. आटायला काय दूध आहे का! डॉक्टरचं नाव काढलं की ह्यांना ऐकूच येत नाही. थोरलीला फोन केला. ती म्हणाली, आई, तू बाबांना घेऊनच जा. घेऊन जा म्हणे — कडेवर घेऊन जाऊ?

सोमवार, १० मार्च

सात! आणि आले खाली! पिसासारखे अलगद. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे खरंच सांध्यात काहीतरी होतं. मी उगीच आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. येताना चालत आलो, दोघंही. हे मध्येच बाकावर बसले, बुटाची नाडी बांधायला. बराच वेळ बांधत होते.

गुरुवार, १३ मार्च

धुवायला ह्यांची कामाची पँट काढली. दोन्ही खिशांची शिवण उसवलेली. एका कोपऱ्यात नट अडकून राहिलेला — मोठा, केबिनच्या पायाला असतो तो. मग कोट चाचपला. आत शिशाचे तुकडे.

बादलीपाशीच बसून राहिले. जगाला फसवा हो, पण मला? तेही माझ्याच खुर्चीत बसून! नळ वाहत होता, बंद करायचं सुचलं नाही.

सोमवार, १७ मार्च

"खिसे रिकामे करा," म्हटलं. भोंगा होता, संग्रहालयाचे साहेब होते. असू देत.

ह्यांनी एकेक नट काढून स्टुलावर ठेवला. कुणी हसलं नाही. पाच लागल्या. पाचच! भोंग्याला एकदम काहीतरी काम आठवलं आणि तो गेला. साहेबही गेले.

मग रॉकेटच्या केबिनमध्ये बसून सांगितलं. मागच्याच महिन्यात एकटे जाऊन दाखवून आले होते. यकृतात गाठ. पसरलेली, कापून निघण्यासारखी नाही. औषध आहे ते चार दिवस पुढे ढकलायला.

"तू सात म्हणालीस की वाटतं, सगळं जागच्या जागी आहे," म्हणाले. "ते बंद व्हायला नको होतं."

मी रडले. मग ह्यांच्यावर तोंड सोडलं. मग परत रडले. केबिनमधलं बाहेर काही ऐकू जात नाही, ते एक बरं.

शनिवार, २२ मार्च

औषध सुरू झालं. पोटात काही ठरत नाही. चिडायचं तरी कुणावर?

मंगळवार, १ एप्रिल

कामावर जावंच लागतं. एक बाई म्हणाली, जरा जास्त पट्ट्या लावा हो, बारीक झाल्यासारखं वाटू दे. लावल्या. तरंगली, खिदळली, फोटो काढून घेतले. मला ती खुर्ची घणाने फोडावीशी वाटली.

रविवार, ६ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही.

बुधवार, १६ एप्रिल

बूट घट्ट होतायत म्हणाले! कमरेचा पट्टाही एक भोक सैल केलाय. अंग भरतंय का? बोलले नाही. माझीच दृष्ट लागायची.

सोमवार, २८ एप्रिल

नोकरी सुटली तरी ह्यांचा सोमवार सुटत नाही. हट्टाने आले. पाच लावल्या तर उडीच मारता येईना! मी बघतच राहिले. ह्यांनी आपणहून खिसे उलटे केले, घे झडती म्हणाले. रिकामे! सहावी लावली. 'सहा!' ओरडले ती इतक्या जोरात की भोंगा धावत आला. त्याचेही डोळे भरले होते, मेल्याचे.

येताना म्हणाले, थांब, सात करून दाखवतो.

शनिवार, ३ मे

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. ह्यांना बाहेर बसवून मला आत थांबवलं. ते मांस नाही, पाणी आहे. पोटात आणि पायांत. यकृत थकलं की साचतं, काढलं तरी पुन्हा भरतं. आता फार दिवस धरू नका, म्हणाले.

आणि मी सहावी पट्टी लावून नाचले होते!

बाहेर आले तर हे विचारतात, काय म्हणाले? म्हटलं, वजन वाढलंय म्हणाले. हे खुश झाले. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

सोमवार, १२ मे

पोटातलं पाणी काढलंय. आज भोंग्याने आणि मी उचलून खुर्चीत बसवलं. मी मागे पट्ट्यांपाशी गेले. चारच लावल्या.

"सात!" म्हटलं.

लोखंडावर लोखंड किती वेळा वाजलं, ते ह्यांना न कळायला काय झालं.

तरी म्हणाले, "सात. सोड."