वरून येणारं पाणी

प्रिय आई,

इथे ह्वांगानुईत वारं बोचरं आहे, पण मी पोटभर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझ्या वर्गातल्या मुलांना घेऊन शाळेच्या बागेत, टेकडीच्या पायथ्याशी, रताळ्यांचे वाफे केले. काल गावातली मेरेआना आजी टेकडीवरच्या कबरस्तानाकडे बघत म्हणाली, "हेमी, पूर्वजांच्या अंगावरून आलेलं पाणी पोरांच्या ताटात वाढणार का रे?"

"चर खणतो ना, आजी."

"पाणी तुला विचारून वाहतं वाटतं?"

मुलांनी गुपचूप खुरपी खाली ठेवली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आज वाफे मोडले. शाळेच्या दुसऱ्या अंगाला, जिथे टेकडीचं पाणी येत नाही, तिथे नवे आखतोय. लावणीची प्रार्थना तूच फोनवर म्हणशील? माझ्या तोंडून ती मुलांना इतक्यात खरी वाटायची नाही.

तुझ्या हातचं न विचारता खाणारा,
हेमी